फुगलेला कॅपॅसिटर

२००३ साली बाबांनी कंपनीतल्या पतपेढीचं कर्ज काढून आम्हाला कॉम्प्युटर घेऊन दिला. भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवार गाठून तापकीर गल्लीतून असेंबल करून आणला होता. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. स्पीकर मात्र बाबांनी टाकू दिले नाहीत. अजून रोज सकाळी ते त्यावर अभंग लावतात. गेल्या महिन्यात अभंगापेक्षा घूंऽऽ आवाजच जास्त यायला लागला.

"नवे आणू का?" मी विचारलं.

"इंजिनिअर ना रे तू? आधी उघडून तर बघ!"

उघडलं. आत २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर, डोकं फुगलेलं. म्हटलं, सापडला! हा त्या साथीतलाच.

साथ म्हणजे काय, तर साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगून फुटत होते. आतल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी बरंच, आणि ते ॲल्युमिनियमला खाऊ नये म्हणून घालायची द्रव्यं धड नाहीत. मग हायड्रोजन तयार व्हायचा आणि डबी फुगायची. चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची कथा तेव्हा फार गाजली, पण ती पूर्ण सिद्ध कधीच झाली नाही. डेलला तर २००५ मध्ये यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली!

पण मंडळी, जरा विचार केल्यावर माझं निदान डळमळलं. पाणीदार इलेक्ट्रोलाइट हवं होतं ते मदरबोर्डला. तिथे वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, म्हणून कॅपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, अगदी कमी लागतो. आमच्या स्पीकरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड. ५० हर्ट्झचे तिथे १०० होतात, बस्स. (ती घूंऽऽ म्हणजे हेच १०० हर्ट्झ.) असला महागडा कॅपॅसिटर इथे कोण कशाला घालेल?

खरा गुन्हेगार डबीवरच छापला होता: ८५ अंश. असा स्वस्त कॅपॅसिटर ८५ अंश सेल्सिअसला साधारण १००० तास टिकतो. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट. म्हणजे ४५ अंशांना १६,००० तास. १०५ अंशांचा, २००० तासवाला घेतला तर त्याच ४५ अंशांना १,२८,००० तास! (कागदावरचा हिशोब हं. रबरी बूच त्याआधीच म्हातारं होतं.) बंद डब्यात, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी आमचा बिचारा इतकी वर्षं तगला हेच नवल.

मग तापकीर गल्लीत गेलो. मायक्रोफॅरड तेवढेच घेतले. उगाच दुप्पट केले तर चालू करताना डायोडवर ताण येतो. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात, कमी कधीच नाही. मी ३५ घेतला. तापमान १०५. उंची-जाडी मोजून नेली होती, नाहीतर डब्यात बसत नाही. लो-ईएसआरचा हट्ट धरला नाही. किंमत रिक्षाच्या भाड्यापेक्षा कमी!

बसवताना प्लग काढा, जुना कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा, आणि पट्टीची बाजू म्हणजे निगेटिव्ह हे विसरू नका. उलटा लावलात तर साथीची गरज नाही, तुम्हीच फोडाल.

घूंऽऽ गेली. बाबांनी अभंग लावला, थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "कर्ज फिटायला तीन वर्षं लागली होती रे."

मी तर नवे आणायला निघालो होतो. असो.