मातामृत्यू आणि राज्याची सीमा : तिगाव परिसराच्या संदर्भात

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्ण्याजवळचे तिगाव आणि सीमेपलीकडील नरखेड परिसर यांची मराठी एकच राहिली, आरोग्ययंत्रणा मात्र दोन झाल्या.

सहस्रक विकास उद्दिष्टांनुसार भारताला २०१५ पर्यंत मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे १०९ वर आणावयाचे होते. महाराष्ट्राने २००७-०९ मध्येच १०४ चा टप्पा गाठला. त्याच काळात मध्य प्रदेशात (छत्तीसगडसह) हे प्रमाण २६९ होते.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. मध्य प्रदेशातील ग्रामीण मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी १४०० रुपये मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेथील संस्थात्मक प्रसूती २००५-०६ मधील २६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ९१ टक्क्यांवर पोहोचल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ६५ वरून ९५ टक्के झाले. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील अंतर जवळजवळ मिटले. तरीही २०१८-२० मध्ये मातामृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात ३३, तर मध्य प्रदेशात १७३ होते.

यावरून असे दिसते की, दवाखान्याचा उंबरठा ओलांडणे पुरेसे नाही. गरोदरपणातील रक्तक्षयावर उपचार, वेळेवर रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय आत असावी लागते.

अर्थात हे आकडे राज्यांचे आहेत. त्यांवरून तिगावची स्थिती ठरविता येत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता येथील प्रत्येक मातामृत्यूची नोंद व कारणमीमांसा जिल्ह्यातच होणे अगत्याचे आहे.