लुसी विल्स व गर्भिणींचा पंडुरोग

परळच्या जुन्या सरकारी वाड्याचें नांव मुंबईकरांच्या स्मरणांत आहे तें प्लेगच्या लशीमुळें. १८९६ सालीं प्लेगनें मुंबईंत पाऊल टाकलें. हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यावर लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्याची प्रयोगशाळा परळच्या वाड्यांत आली व १९२५ पासून ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. हा वृत्तांत अनेकांनीं सांगितला आहे, व तो सांगण्याजोगाहि आहे. परंतु ह्याच संस्थेच्या आश्रयानें पुढें तीस वर्षांनीं झालेल्या दुसऱ्या एका कार्याची वार्ता आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि फारशी पोंचलेली नाहीं.

ह्याचें कारण उघड आहे. प्लेग श्रीमंतांच्या माडीवरहि चढे, म्हणून त्याचें भय सर्वांस होतें. बाळंतपणांत मरणारी स्त्री मात्र आपल्या काळोख्या खोलींत मरे, आणि तिच्या मृत्यूस दैव हें एकच कारण घरच्यांस पुरेसें वाटे. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें म्हणण्याची आपली रीत आहे. त्या म्हणण्यांत जितकें कौतुक, तितकीच शरणागतीहि आहे. जी गोष्ट दैवाची मानली तिचें कारण कोण शोधणार? तें शोधण्यास जी बाई १९२८ सालीं मुंबईस आली तिचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लुसी विल्स हिचा जन्म १८८८ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजांत वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्यांचा अभ्यास करून १९११ सालीं तिनें आपल्या परीक्षा पुऱ्या केल्या. पण स्त्रियांस पूर्ण पदवी देण्याचें त्या विद्यापीठास १९४८ पर्यंत सुचलें नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां ती दक्षिण आफ्रिकेंत होती व तेथें कांहीं काळ तिनें परिचारिकेचें काम केलें. मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिरून १९२० सालीं ती डॉक्टर झाली. दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग तिनें धरिला नाहीं. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंतील कामच तिनें पत्करलें.

हिंदुस्थानांतील मातांच्या मृत्यूंची चौकशी त्या वेळीं मुंबईंत चालू होती, व डॉ. मार्गारेट बाल्फर ह्या अनुभवी बाईंचा तींत पुढाकार होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेक गरीब स्त्रियांचा चेहरा पांढराफटक पडे, चार पायऱ्या चढतांना धाप लागे, आणि पुष्कळ वेळां आई व मूल दोन्ही जात. रक्त तपासतां तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या आढळत. ह्या पंडुरोगाचें मूळ शोधण्याचें काम विल्सबाईंकडे आलें.

त्यांची कामाची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रथम त्यांस जंतूंचा संशय आला. रुग्णांची मलपरीक्षा केली, पण त्यांत कांहीं निष्पन्न झालें नाहीं. तेव्हां त्यांनीं स्त्रियांच्या चुलीकडे लक्ष वळविलें. कोणत्या घरांत काय शिजतें, बाईच्या ताटांत काय पडतें, ह्याची निरनिराळ्या थरांतून व धर्मांतून पाहणी केली. ज्यांच्या जेवणांत भाजीपाला, फळें व पौष्टिक पदार्थ फार थोडे, अशा गरीब स्त्रियांत, विशेषतः गरीब मुसलमान स्त्रियांत, हा रोग अधिक दिसला. ह्या अभ्यासाच्या निबंधांवर विल्सबाईंच्या जोडीला तळपदे व मेहता हीं नांवें आहेत. परक्या बाईस घरांतील डबे उघडून दाखविण्यास आपल्या माणसांचें साहाय्य लागतें. तें साहाय्य करणारांचें स्मरणहि येथें ठेवणें योग्य होय.

पुढें तसाच निकृष्ट आहार उंदरांस देऊन पाहिला. उंदरांस पंडुरोग झाला, व आहारांत यीस्ट घातल्यास तो टळूं लागला. पण ह्या सुखांत एक विघ्न निघालें. उंदरांच्या अंगावरील उवा बार्टोनेला नांवाचा जंतु पसरवीत होत्या व त्यानेंहि रक्त क्षीण होत होतें; म्हणजे पुरावा शुद्ध राहिला नाहीं. मग त्या माकडांकडे वळल्या. रोगानें खंगलेल्या एका माकडास मार्माइट देण्यांत आलें, आणि त्याची प्रकृति पाहतां पाहतां सुधारली. मार्माइट म्हणजे बीअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क. विलायतेंत तो पावास लावून खातात. तोच अर्क स्त्रियांस दिल्यावर त्यांचें रक्त भरून येऊं लागलें.

१९२६ सालीं मायनट व मर्फी ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं दुसऱ्या एका घातक पंडुरोगावर यकृत खाऊं घालण्याचा उपाय प्रसिद्ध केला होता. पण यकृताचे अर्क महाग, आणि शाकाहारी घरांत तर ते वर्ज्यच. मार्माइट स्वस्त होतें. १९३१ सालीं विल्सबाईंनीं आपलें म्हणणें ब्रिटिश मेडिकल जर्नलांत मांडलें. त्यांत त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, ह्या अर्कानें रोगी बरा होतो. त्यांतील कोणत्या द्रव्यानें होतो, ह्याविषयीं त्यांनीं निश्चित विधान केलें नाहीं. पुढें १९३७ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, शुद्ध केलेला यकृताचा अर्क ह्या रोग्यांस गुण देत नाहीं, कच्चा अर्क देतो. अर्थात् हें द्रव्य निराळेंच असलें पाहिजे. शास्त्रज्ञ त्यास ‘विल्सचें द्रव्य’ म्हणूं लागले.

ह्या अनामिक द्रव्यास नांव मिळालें तें १९४१ सालीं. अमेरिकेंतील टेक्सास येथें चार टन पालक कुटून तें वेगळें काढण्यांत आलें, व पानापासून मिळालें म्हणून लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड म्हटलें गेलें. १९४५ सालीं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. तेथील संशोधनाची धुरा आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्याकडे होती. मुंबईच्या गरीब गर्भिणींपासून निघालेला धागा असा एका भारतीयाच्याच हातीं पुरा झाला.

विल्सबाई १९६४ सालीं वारल्या. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १९९१ सालीं, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें सात देशांत केलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांस पूर्वीं पाठीच्या कण्यांत वा मेंदूंत व्यंग असलेलें मूल झालें होतें, त्यांस गर्भधारणेपूर्वींपासून हेंच द्रव्य दिल्यानें तें व्यंग पुन्हां येण्याचा संभव ७२ टक्क्यांनीं कमी झाला. आईसाठीं शोधलेलें औषध मुलाचेंहि रक्षण करूं लागलें.

आपल्या देशांत १९७० पासून गर्भिणींस लोह व फॉलिक ॲसिड ह्यांच्या गोळ्या वांटण्याची सरकारी योजना आहे. तरीहि २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ५२.२ टक्के गर्भिणी पंडुरोगी आढळल्या. हा दोष गोळीचा नव्हे. आजच्या पंडुरोगांत लोहाचा अभाव हें मोठें कारण आहे, व त्या अभावासहि गोळी उपकारकच आहे. परंतु विल्सबाईंनीं रोग शोधला तो ताटांत. आपण उपाय शोधतों तो डबींत. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर उरलेंसुरलें खाणारी सून गरिबांच्याच घरीं असते असें नाहीं. मध्यम वर्गाच्या घरांतहि ती आम्हीं पाहिली आहे. लस एकदां टोंचली कीं पुष्कळ काळ रक्षण करते. अन्नाचें तसें नाहीं, तें रोज वाढावें लागतें. प्लेगच्या लशीचा अभिमान बाळगणाऱ्या ह्या नगरीनें परळच्या वाड्यांतील हा दुसरा धडाहि लक्षांत ठेवावा, आणि त्याचा आरंभ आपापल्या स्वयंपाकघरांतून करावा, एवढीच आमची विनंती आहे.