तळहातावरची सरस्वती आणि तिसऱ्या मुलाची छडी

बेंगळुरूत मी राहतो त्या भागात एक सरकारी शाळा आहे. सकाळी प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद होतं आणि पाच-सहा मुलं बाहेर राहतात. प्रार्थना संपली की फाटक उघडतं, मुलं थोडी बोलणी खातात आणि आत जातात. कधी कधी बस्कीही काढाव्या लागतात. बस्की म्हणजे आपल्या उठाबशा. कन्नड फारसं न येणाऱ्या मराठी घरातली मुलंही हा शब्द लवकर शिकतात, ती गोष्ट वेगळी!

ही मुलं दिसली की मला २०० वर्षांपूर्वीचा एक सरकारी अहवाल आठवतो. १८२२ साली मद्रास इलाख्याचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने सगळ्या कलेक्टरांकडे विचारणा केली: तुमच्या जिल्ह्यात देशी शाळा किती आणि त्यांत शिकतं कोण? बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये उत्तर पाठवलं. बळ्ळारी तेव्हा मद्रास इलाख्यात होती, आज ती कर्नाटकात आहे, बेंगळुरूपासून साधारण ३०० किलोमीटरवर. जिल्ह्यात एकूण ५३३ शाळा. त्यांत २३५ कन्नड, २२६ तेलुगू आणि २३ मराठी. म्हणजे पुढे जे सांगतोय त्यात आपलेही पूर्वज आले.

शाळा पहाटे सहाला भरायची. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर पंतोजी सरस्वतीचं नाव लिहायचे. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे तुझं कौतुकही नाही आणि तुला दोषही नाही. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, पाचव्याला तीन. असा हिशेब चढत जायचा. आता वर्गात तीस मुलं असतील तर शेवटच्याचं काय होत असेल, ते तुम्हीच मोजा.

ही झाली उशिराची शिक्षा. आळशी मुलासाठी याहून कडक उपाय होता. छडीचा मार तर होताच, शिवाय दोन्ही हात बांधून त्याला कप्पीने छताला टांगायचे, नाहीतर एकसारखं खाली बसायला आणि उठायला लावायचे. या उठाबशांबद्दल कॅम्पबेलसाहेब लिहितात की शिक्षा मोठी त्रासाची आणि दमवणारी आहे, पण कदाचित तब्येतीला बरी! छताच्या त्या दोरीला कन्नड-तेलुगूत ‘कोदंड’ म्हणत. कोदंड म्हणजे रामाचं धनुष्य. आपल्याकडे जुन्या मराठीत तिलाच ‘घोडी’ म्हणत. लहान मुलाला टांगायच्या दोरीला इतकी गोंडस नावं कुणाला सुचली असतील?

मी हे सांगू लागलो की दोन प्रकारची मंडळी नाराज होतात. एकांना वाटतं, आपल्या जुन्या शाळा म्हणजे नुसती माया होती आणि छडी इंग्रजांनी आणली. दुसऱ्यांना वाटतं, इंग्रज आले म्हणून शिस्त आली. हा अहवाल दोघांच्याही कामाचा नाही. याच कॅम्पबेलने देशी शाळांची एका बाबतीत मनापासून स्तुती केली आहे. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत, त्यामुळे कमी खर्चात दोघांचाही अभ्यास पक्का होई. इंग्लंडने ही पद्धत उचलली ते योग्यच केलं, असं तो म्हणतो.

ती उचलली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. देशी शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं पाहून त्याने आपल्या शाळेत तोच प्रकार सुरू केला आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. लंडनमध्ये जोसेफ लँकॅस्टरने ‘मॉनिटर’ची हीच रीत हजारो गरीब मुलांपर्यंत नेली. लँकॅस्टर क्वेकर पंथाचा, मारहाणीच्या विरुद्ध. मग शिस्त कशी लावायची? त्याने लाज वापरली. मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा, किंवा त्याला टोपलीत बसवून, सगळ्या वर्गाला दिसेल असं, छताला टांगायचं. मार गेला. टांगणं राहिलं.

म्हणून मला आपल्या शिक्षणहक्क कायद्याचं १७वं कलम महत्त्वाचं वाटतं. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात फक्त शारीरिक शिक्षेला बंदी नाही, मानसिक छळालाही आहे, आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूद आहे. म्हणजे पंतोजींची छडी आणि लँकॅस्टरची टोपली, दोन्ही एकाच वाक्यात बाद. कागदावर तरी. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्याच एका सरकारी शाळेत मुलांकडून शौचालय साफ करून घेतल्याचं उघड झालं आणि मुख्याध्यापिकेला निलंबित करण्यात आलं.

कॅम्पबेलच्या अहवालात आणखी एक भाग आहे, तो या शिक्षांच्या शेजारी ठेवून फारसा वाचला जात नाही. शाळा ओस का पडतायत? तो कारण देतो: लोक गरीब झालेत, पंतोजींची फी परवडत नाही आणि पोराच्या हातापायांत जरा जोर आला की घराला त्याचं काम लागतं. आता तो पहाटे सहाचा दरवाजा डोळ्यांपुढे आणा. सरस्वतीचं नाव कुणाच्या तळहातावर पडत असेल? आणि अकरा-बारा छड्या कुणाला बसत असतील? अहवाल हे सांगत नाही, हा माझा अंदाज. पण गुरं बाहेर काढून, पाणी भरून येणारा मुलगा पहिला आला असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर रोज उभ्या राहणाऱ्या एका मुलाला मी परवा विचारलं, बाळा, उशीर का होतो रे? तो म्हणाला, आई सहाला कामावर जाते, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून येतो. अंगणवाडी साडेनऊला उघडते. शाळेची प्रार्थनाही साडेनऊलाच.

पुढच्या भागात बेलच्या मद्रासच्या शाळेकडे परत जाऊ. तिथे गुन्ह्यांची एक काळी वही असे, आणि निवाडा मास्तर नाही, मुलंच करत.