रहदारीमुक्त वाटेचे कूळ

'रहदारी' म्हटले की आज मोटारींचा गोंगाट कानी येतो. परंतु मोगल अंमलात 'राहदारी' म्हणजे वाटेवरच्या चौक्यांत प्रवाशांकडून व व्यापाऱ्यांकडून वसूल होणारा कर होता, आणि त्या हिशेबाने 'रहदारीमुक्त रस्ता' याचा अर्थ जकात माफ असलेला रस्ता असा झाला असता. इंग्लंडच्या ग्रामीण प्रदेशात सायकलीवरून चार दिवसांच्या फेरीस निघालेल्या मनुष्याला जी वाट हवी असते ती दोन्ही अर्थांनी मुक्त असते: तेथे नाक्यावर कोणी पैसे मागत नाही आणि मागून येणारी मोटार अंगावर चिखलही उडवीत नाही. ही वाट सायकलस्वारांनी मागितली, सरकारने आखली आणि कंत्राटदाराने बांधली, असा कोणाचा समज होईल. तिचे दप्तर उघडून पाहिले तर मात्र ती सायकलीसाठी निर्माणच झालेली नव्हती, एका निःसंतान मृताची मालमत्ता दूरच्या नातलगाकडे यावी तशी ती सायकलीकडे आली, असे दिसते.

सायकलस्वारांनी आपली स्वतंत्र वाट मागितली नाही, इतकेच नव्हे, तर ती देऊ केली असता नाकारली, हा या कथेतील सर्वांत चमत्कारिक भाग. त्यांचा पर्यटन-संघ १८७८ साली हॅरोगेट येथे स्थापन झाला. पुढल्याच वर्षी न्यायालयाने सायकल ही कायद्याच्या दृष्टीने 'गाडी' होय असा निर्णय दिला. आणि १८८८ च्या कायद्याने, घंटा वाजविण्याच्या सक्तीसह, त्या निर्णयावर संसदेची मोहोर उठली. गाडी ठरल्यामुळे सायकलीला पादचाऱ्यांच्या वाटेवर मज्जाव झाला, पण हमरस्त्यावर मात्र घोडागाडीच्या बरोबरीची वहिवाट मिळाली, आणि ही वहिवाट त्या मंडळींना प्राणापलीकडे प्रिय होती. १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या कडेने पहिला स्वतंत्र सायकलमार्ग खुला झाला, तेव्हा संघाने त्यास विरोध केला. कारण आज बाजूची पट्टी स्वीकारली तर उद्या मुख्य रस्त्यावरून हुसकून लावले जाईल, ही त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. वहिवाट एकदा सुटली की परत मिळविताना पिढ्या खपतात, हे बांधावरून कोर्टात गेलेल्या कोणाही कुळास विचारावे.

योगायोग असा, की त्याच १९३४ च्या मार्च महिन्यात स्टॅफर्डशायर परगण्यातील एक लहानशी रेल्वे बंद पडली होती. वॉटरहाउसेस ते हुल्म एंड ही आठ मैलांची लीक अँड मॅनिफोल्ड लाइन चुनखडीच्या डोंगरांतून, मॅनिफोल्ड नदीच्या वळणावळणाने जाई. ही नदी उन्हाळ्यात मध्येच जमिनीखाली गडप होते आणि काही मैलांवर पुन्हा वर येते, तेव्हा आगगाडीतील प्रवाशाला कधी प्रवाह दिसे, तर कधी नुसते कोरडे पात्र. १९०४ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या या गाडीचे डबे पिवळे होते आणि इंजिनांवर इंग्लंडात सहसा न दिसणारे भले मोठे दिवे होते. खेड्यांतील लोकांना ती परदेशातून आलेली वाटे, आणि ती तशी आलीही होती. तिची आई बार्शीची होती.

तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेला गृहस्थ. बार्शीच्या बाजारपेठेस मुंबईच्या मुख्य लाइनीशी जोडावयाचे, पण मोठ्या मापाच्या रेल्वेचा खर्च तर झेपावयाचा नाही, या अडचणीतून त्याने अडीच फूट रुंदीची हलकी लाइन काढली, आणि १८९७ साली 'बार्शी लाइट' धावू लागली. इंजिनापासून वाघिणीपर्यंत कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल वाहता येतो, हे त्याचे मुख्य सूत्र. १९०६ साली ती लाइन पंढरपुरास पोहोचली आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्या खडखडाटात विठ्ठलनाम घेत गेल्या. तेच माप, तीच विचारपद्धती आणि बऱ्याच अंशी तीच घडण कॅल्थ्रॉपने मॅनिफोल्डच्या खोऱ्यात नेली. इंग्लंडची विद्या हिंदुस्थानात आली, हे आपण शाळेत घोकतो; सोलापूर जिल्ह्यातील विद्या स्टॅफर्डशायरात गेली, हे मात्र कोणी घोकून घेत नाही. (याच कॅल्थ्रॉपने पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून उडी घेण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. त्याच्या बुद्धीला वजनाचे प्रश्न सोडविण्याचे वेडच होते, म्हणा ना.)

बार्शीला बाजारपेठ होती, पंढरपुरास देव होता. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात यांपैकी काहीच नव्हते. गाडी दूध वाही, सुट्टीच्या दिवशी सहलीची माणसे वाही, आणि दूध मोटारलॉऱ्यांनी पळविल्यावर तिच्यापाशी वाहण्यासारखे काही उरले नाही. रूळ उखडले गेले. परंतु कंपनीने ती लांबलचक, अरुंद, कोणाच्याही शेतीच्या उपयोगाची नसलेली जमीन परगण्याच्या कौन्सिलकडे सुपूर्त केली, कौन्सिलने तिच्यावर डांबर ओतले, आणि १९३७ च्या जुलैत ती लोकांना चालण्यासाठी खुली झाली. रेल्वे मरावी आणि तिच्या देहाची वाट व्हावी, याचे इंग्लंडातील हे अगदी आरंभीचे उदाहरण.

पुढे असे देह पुष्कळ पडले. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने तोट्याच्या खात्यात टाकली, आणि गावोगावचे लाकडी फलाट ओस पडले. डर्बीशायरातील ॲशबोर्न-बक्स्टन मार्गाचा दक्षिणेकडील भाग तेथील राष्ट्रीय उद्यानाने विकत घेतला आणि १९७१ साली तो तेरा मैलांची 'टिसिंग्टन ट्रेल' म्हणून लोकांच्या हवाली केला. तिला 'पार्सली हे' या ठिकाणी येऊन मिळणारी 'हाय पीक ट्रेल' तर आणखी जुन्या घराण्यातली. ही रेल्वे प्रथम कालवा म्हणून योजिलेली होती; डोंगरावर पाणी मिळेना म्हणून १८२० नंतरच्या दशकात तेथे रूळ घालण्याचे ठरले, तरी स्टेशनांना मात्र 'धक्का' हेच बंदराचे नाव राहिले. सायकल चालविणारा आज समुद्रापासून कित्येक मैल दूर असलेल्या धक्क्यावर डबा उघडून जेवतो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

या वारशात सायकलस्वाराचा खरा लाभ चढाचा आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांना डोंगर आला की तो फोडावा लागे, दरी आली की भराव घालावा लागे, आणि पन्नासास एक एवढा चढदेखील त्यांना जड वाटे. इंजिनासाठी सोसलेला हा सारा खर्च साठीच्या गृहस्थाच्या गुडघ्यांना फुकटात पावला. घोडेवाटांचे तसे नाही. १९६८ च्या कायद्याने त्यांवर सायकलीला परवानगी मिळाली खरी, परंतु पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी या अटीवर, आणि घोड्याला चढाची तमा नसल्यामुळे त्या वाटाही तशाच बेगुमान चढतात.

तुकड्यांचे जाळे विणण्याचे श्रेय ब्रिस्टलकडे जाते. तेथे १९७७ साली जॉन ग्रिमशॉ आदी मंडळींनी एक संस्था काढली. १९७९ पासून स्वयंसेवकांनी फावडी हाती घेऊन बाथकडील जुन्या लोहमार्गाची खडी सारखी केली. आणि १९८६ पर्यंत दोन शहरांमधील तेरा मैलांचा मार्ग पूर्ण झाला. १९९५ साली लॉटरीच्या निधीतून चार कोटींहून अधिक पौंड मिळाले, तेव्हा हीच संस्था, 'सस्ट्रान्स' या नावाने, सबंध देशाचा नकाशा रंगवू लागली. नकाशावर मैल वाढविणे सोपे असते. २०१८ च्या तपासणीत सोळा हजारांवर मैलांच्या या जाळ्यापैकी जेमतेम एक तृतीयांश मोटारींपासून मुक्त आढळले, आणि दोन वर्षांनी संस्थेने आपणहून सुमारे चतुर्थांश मार्ग जाळ्यातून कमी केले वा त्यांचा दर्जा उतरविला. असा कबुलीजबाब सरकारी खात्यांतही क्वचितच वाचावयास मिळतो.

मॅनिफोल्डच्या वाटेवर स्वेन्सली येथे एक लहानसा बोगदा आहे. डोंगराच्या दृष्टीने त्याची फारशी गरज नव्हती. परंतु शेजारचा वाडा सर थॉमस वॉर्डल यांचा, आणि आपल्या खिडकीतून आगगाडी दिसू नये म्हणून तो खणविला गेला, असे सांगतात. वॉर्डल हे लीकचे रेशीम रंगविणारे कारखानदार. आपल्याकडील रानटी टसर रेशमाला रंग चढविण्याची युक्ती शोधण्यात त्यांनी वर्षे घालविली, त्यासाठी हिंदुस्थानचा प्रवासही केला. आता आगगाडी नाही, वाडा आहे, आणि वाटेचा तेवढा भाग काही कारणाने मोटारींनाही मोकळा असल्यामुळे बोगद्याच्या अंधारात शिरण्यापूर्वी सायकलस्वाराला थांबून कान द्यावा लागतो. पलीकडून मोटार येत असेल तर ती आधी जाऊ द्यावी, मग दिवा लावून निघावे. तेथून हुल्म एंड फार दूर नाही, आणि जुन्या इंजिनघराच्या जागी आता चहा मिळतो.