बेसबॉल ग्लव्ह, जुने (संग्रह)

अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या चीजवस्तू जमवण्याचा छंद मोठा आहे. त्यातली ही चामड्याची शाखा. जुना ग्लव्ह हाती आला की जाणकार त्यावरचे नाव नंतर वाचतो. आधी पाहतो ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा. वय तिथे कळते.

बेसबॉल सुरुवातीला उघड्या हातांनीच खेळत. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाखेरीज बाकीचे आजही अडवतात तसेच. १८७५ मध्ये सेंट लुईसचा चार्ल्स वेट कातडीच्या रंगाचा मोजा घालून उतरला. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तो रंग, तरी त्याचे हसे झालेच. दोन वर्षांनी अल्बर्ट स्पॉल्डिंगने काळा मोजा राजरोस वापरला. त्याचा स्वतःचा शिकागोत खेळसाहित्याचा धंदा होता, हेही ध्यानात ठेवावे. सिनसिनाटीचा बिड मॅकफी मात्र १८९६ पर्यंत रिकाम्या हातांनी दुसरा बेस सांभाळत राहिला. तोवर मोजे इतके फुगू लागले होते, की १८९५ मध्ये नियम करावा लागला : कॅचर आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू सोडून इतरांचा ग्लव्ह १० औंसांहून जड नको, तळव्याभोवतीचा घेर १४ इंचांहून जास्त नको.

या पहिल्या पिढीचे ग्लव्ह दिसायला कामगारांच्या हातमोज्यांसारखे असतात. बोटे सुटी, तळव्यात थोडे भरण, अंगठ्याजवळ काहीच नाही. पुढे त्या फटीत इंचभर रुंदीची चामड्याची पट्टी शिवलेली दिसते. खरा पालट घडवला सेंट लुईस कार्डिनल्सचा पिचर बिल डोक याने. या फटीत चामड्याच्या वाद्या ओवून जाळी करावी, म्हणजे चेंडू बसायला आपोआप खळगा होईल, असे त्याने रॉलिंग्ज कंपनीला सुचवले. पेटंट १९२२ मध्ये मिळाले आणि त्याच्या नावाचा ग्लव्ह पुढे कित्येक वर्षे विकला गेला. तोवर ग्लव्ह हाताला मार लागू नये म्हणून होता. आता तो झेल घेण्याचे हत्यार झाला. बोटांची टोके वादीने एकमेकांना बांधण्याची पद्धत त्यानंतरची. विल्सन कंपनीचा १९५७ चा ‘ए२०००’ ग्लव्ह आजच्या खेळाडूलाही ओळखीचा वाटेल. १९५४ पर्यंत डाव बदलताना क्षेत्ररक्षक ग्लव्ह मैदानातल्या गवतावरच टाकून जात. त्या वर्षी नियमाने ते बंद झाले.

नवखा संग्राहक फसतो तो सहीपाशी. ‘बेब रूथचा ग्लव्ह’ म्हणून जो दाखवतात, तो बहुधा या गाजलेल्या बेसबॉलपटूची सही छापून दुकानांत विकलेला असतो. रूथने खरोखर वापरलेला एक ग्लव्ह २०२२ च्या लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. दोन्हींतले अंतर यावरून कळावे. दुकानी ग्लव्हलाही मोल आहे, पण ते तळव्यावरचा छाप किती ठसठशीत उरला, मनगटपट्टीवरचे कापडी लेबल आणि टिचबटण जागेवर आहे का, मूळ खोका सोबत आहे का, यावर ठरते. लहान मुलांच्या मापाचे स्वस्तात मिळतात.

ग्लव्ह बिघडतात ते बहुतेक मायेने. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल चामड्याला चोळण्याची जुनी रीत आहे. बोटाच्या टोकाने थोडेसे लावले तर ठीक. ओतले तर चामडे काळवंडते, भरण तेल पिऊन जड होते आणि छाप बुडतो. तेल परत काढता येत नाही.

मनगटपट्टीवर आतून शाईने कुणा पोराने आपले नाव, कधी घराचा पत्ताही लिहिलेला सापडतो. विक्रेते तो दोष धरून किंमत पाडतात. खरे तर त्या पोराचाच हात आत घातल्यावर लागतो : मऊ पडलेले अस्तर, करंगळीपाशी झिजलेला खाचा, आणि तळव्यात एकाच जागी हजारदा आदळून पडलेला खळगा.