शब्दवेध : ऑरोरा

अंतराळस्थानकातून टिपलेल्या चित्रफितींत ‘ऑरोरा’ हा शब्द सतत कानावर पडतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून अंतराळवीरांना ध्रुवांकडच्या रात्रीच्या आकाशातला हा प्रकाश पायाखाली दिसतो. साधारण १०० किलोमीटरवर ऑक्सिजनची हिरवी झालर आणि तिच्यावर चढत गेलेली तांबडी छटा.

नाव मात्र पहाटेचं. ऑरोरा ही रोमनांची पहाटेची देवता. उच्चारामुळे ‘अरुण’ आठवतो, पण तिची सख्खी बहीण आपली उषा. ग्रीकांची इऑस त्याच घरची, इंग्रजी ‘ईस्ट’सुद्धा. मग रात्रीच्या प्रकाशाला पहाट का म्हटलं? इटली-फ्रान्समधून या प्रकाशाचा बहुधा वरचा तांबडा भागच दिसतो, तोही उत्तर क्षितिजालगत. अवेळी, भलत्या दिशेला फटफटल्यासारखा. म्हणून १७व्या शतकात ‘ऑरोरा बोरिॲलिस’, उत्तरेची पहाट, हे नाव रूढ झालं. फार नेमकं नाव आहे हे.

मे २०२४च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहूनही असाच तांबडा प्रकाश टिपला गेला. आपल्याकडे ‘ध्रुवीय प्रकाश’ लिहितात. पण ध्रुवापासून इतक्या दूरच्या हानलेला मला ‘ऑरोरा’च पटतो. बोलताना लोक सर्रास ‘ऑरोरा दिसला’ म्हणतात. देवतेचं स्त्रीलिंग मराठीत येता येता गळालं.