दोहा आणि मांडवी

मुंबईच्या मांडवी भागातील आपली 'जुनी मशीद', म्हणजे शाआर हारहमीम, सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधली. दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतील शिपाईगडी. कोकणातून परक्या शहरात आलेल्या माणसाने देवाचे घर बांधले, आणि सॅम्युएल स्ट्रीट हे नावही मागे राहिले. अरबस्तानातील कतारच्या दोहा शहराविषयी वाचताना मला हीच गोष्ट वारंवार आठवते.

या दोन बंदरांचा संबंध जुना आहे. कतारच्या किनाऱ्यावर पाणबुडे मोती काढीत. त्यांतील पुष्कळसा माल मुंबईस येई. येथे मोत्यांची प्रतवारी होई, भोके पाडली जात, आणि मग ते पॅरिसला रवाना होत. तेथील मोठे व्यापारी लिओनार्ड रोझेंथाल हे ज्यू कुळातलेच. त्या काळी पोट भरण्यासाठी अरब मुंबईकडे पाहात असत! कतारात चलन चाले तेही आपला रुपया. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा कतारने तो सोडला.

मोत्यांचा धंदा त्यापूर्वीच, १९३० च्या सुमारास, जपानी कृत्रिम मोत्यांनी बुडवला होता. पण दुखान येथे तेल सापडले, १९४९ अखेर त्याची निर्यात सुरू झाली, आणि वाट उलटी झाली. आज कतारची वस्ती सुमारे तीस लाख. त्यात मूळ कतारी दहांत जेमतेम एक. हिंदी लोक सर्वांत अधिक. शिवाय नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो, मिसरी. महाराष्ट्र मंडळही तेथे आहे.

इतक्या जातीजमातींचे शहर, मग मुंबईच म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्वाचा नुसता अर्ज करायलाही पंचवीस वर्षांचे वास्तव्य लागते. नोकरी बदलायची तर २०२० पर्यंत मालकाची परवानगी लागे. ख्रिस्ती लोकांना अमीरांनी शहराबाहेर मसाईमीर येथे जागा दिली, हे औदार्य मान्य केलेच पाहिजे. तेथील पहिले कॅथलिक चर्च २००८ साली उघडले. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. हिंदूंना तेवढीही मान्यताप्राप्त जागा नाही. पूजा घरात करायची.

आणि ज्यू? १९९६ साली दोह्यात इस्राएलची व्यापारी कचेरी उघडली होती. गाझातील युद्धानंतर २००९ साली तोही संबंध संपला. पुढे २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तेल अवीवहून थेट विमाने उतरली आणि कोशेर स्वयंपाकघर निघाले. १८ डिसेंबरला अंतिम सामना झाला, आणि पाहुणे आपापल्या घरी गेले.